आजाऱ्याने पडूनच राहावे का?

आपल्या घरांत कुणाला कॅन्सर निघाला की दोन गोष्टी ताबडतोब होतात. सगळे हळू आवाजात बोलू लागतात आणि आजाऱ्याचा पलंग पंख्याखाली सरकतो. "अम्मी, तुम्ही उठू नका, मी आणते" इथून सुरुवात होते आणि महिन्याभरात अम्मीच्या हातातली भाजी निवडायची परातही काढून घेतली जाते. विचारपूस करायला येणारेही तेच सांगतात, आराम करा, अंगात ताकद राहिली पाहिजे. या सगळ्यामागे मोहब्बतच असते, त्याबद्दल शंका नको. पण पडून राहिल्याने ताकद राहते हा आपला जो ठाम समज आहे, तो जगातल्या कॅन्सरच्या मोठमोठ्या दवाखान्यांनी आता सोडून दिला आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क, जर्मनी अशा देशांत ऑपरेशन, केमो आणि रेडिएशनच्या जोडीला व्यायाम हाही इलाजाचा भाग होऊ लागला आहे. या महिन्यात त्याविषयी बोलू.

आधी पडून राहण्याने काय होते ते पाहू. जो स्नायू वापरात नाही तो शरीर सांभाळत बसत नाही. वयस्क माणूस आठ-दहा दिवस अंथरुणात राहिला तर त्याच्या मांड्या उतरलेल्या नुसत्या डोळ्यांना दिसतात. कॅन्सरमध्ये भूक आधीच मेलेली असते, औषधांनी तोंडाची चव गेलेली असते, त्यात ही भर. मग जिना चढताना धाप लागते. धाप लागते म्हणून जिना टाळायचा आणि टाळल्यामुळे पाय आणखी कमजोर. शिवाय कॅन्सरचा थकवा हा दिवसभराच्या कामाने येणाऱ्या थकव्यासारखा नसतो. तो झोपून जात नाही. रुग्ण म्हणतो, "दहा तास झोपले तरी अंग तसेच." २०१७ साली अमेरिकेत या थकव्यावरच्या ११३ अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडण्यात आला. त्यात ११ हजारांहून जास्त रुग्ण होते. थकवा कमी करण्यात व्यायाम आणि मानसिक आधार हे दोन्ही उपाय गोळ्यांपेक्षा जास्त उपयोगी ठरले. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मलाही उलटेच वाटले होते. थकलेल्या माणसाला आणखी चालवायचे? पण हिशोब तसा निघाला खरा.

हा विचार एका दिवसात आलेला नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतील मेरिल विनिंगहॅम आणि त्यांच्या सहकारी परिचारिकांनी स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या बायकांना एका जागी उभ्या असलेल्या सायकलवर बसवले. त्या काळी हे धाडसच होते. बायका आठवड्यातून तीन वेळा पेडल मारत आणि दहा आठवड्यांनंतर त्यांचा दम वाढलेला दिसे. सुरुवात डॉक्टरांनी नव्हे तर परिचारिकांनी करावी याचे मला फारसे नवल वाटत नाही. आजाऱ्याला उठताना आणि बसताना दिवसभर पाहते ती परिचारिकाच.

यापुढची गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा काखेतल्या गाठीही काढाव्या लागतात. या गाठींतून शरीरातले एक पाण्यासारखे द्रव्य वाहत असते. वाट अडली की ते हातात साचते आणि हात सुजतो. कधी कधी इतका की बांगडी राहू द्या, बाहीसुद्धा चढत नाही. एकदा आलेली ही सूज सहसा पूर्ण जात नाही. म्हणून कित्येक वर्षे जगभरच्या डॉक्टरांचा सल्ला ठरलेला होता. त्या हाताने जड उचलू नका, जोराचे काम करू नका, पिशवी धरू नका, लेकराला कडेवर घेऊ नका. बायका हा सल्ला जन्मभर पाळत. आपल्याकडे आजही पाळतात.

कॅनडातील व्हँकुव्हर शहरात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात डॉन मॅकेंझी नावाचे क्रीडावैद्यक आहेत. त्यांना प्रश्न पडला की या सल्ल्याला पुरावा काय? १९९६ साली त्यांनी स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या २४ बायका जमवल्या आणि त्यांना ड्रॅगन बोट वल्हवायला बसवले. ही लांबलचक चिनी पद्धतीची होडी. वीस जण दोन रांगांत बसून एका ताालावर वल्हे मारतात आणि सगळा जोर खांद्यावर आणि दंडावर येतो. म्हणजे ज्या हाताला जपायला सांगितले होते, नेमका त्याच हाताचा व्यायाम. त्या आधी बायकांना हळूहळू तयार केले, मग पाण्यात उतरवले. मोसम संपला तेव्हा नव्याने कुणाचाही हात सुजलेला नव्हता. बायका होडी सोडायला तयार नव्हत्या हे वेगळेच. त्यांच्या संघाचे नाव 'अब्रेस्ट इन अ बोट'. आज अशा होड्या अनेक देशांत आहेत, त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, जत्रेसारखे मेळावे भरतात. २०१८ साली इटलीतील फ्लॉरेन्सला आणि २०२३ साली न्यूझीलंडला असे मेळावे झाले.

चोवीस बायकांवरून शास्त्राचा नियम बनत नाही, हे बरोबरच आहे. पण त्यामुळे इतरांना तपासून पाहण्याची हिंमत आली. अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी १४१ बायका घेतल्या. या सगळ्यांच्या हाताला आधीच सूज होती. निम्म्या बायकांना देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा वजन उचलायला शिकवले. सुरुवात अगदी हलक्या वजनाने, त्रास नसेल तरच पुढचे वजन. बाकीच्या निम्म्या आपल्या नेहमीच्या दिनक्रमात राहिल्या. वर्षभराने पाहिले तर वजन उचलणाऱ्यांची सूज इतरांपेक्षा जास्त वाढलेली नव्हती. उलट सूज एकदम उफाळण्याचे प्रकार वजन उचलणाऱ्यांत १४ टक्के, तर न उचलणाऱ्यांत २९ टक्के निघाले. २००९ साली हे प्रसिद्ध झाले आणि 'जड उचलू नका' हा सरसकट सल्ला मोडीत निघाला.

आमच्या नात्यातल्या एका खालाचे असेच ऑपरेशन काही वर्षांपूर्वी झाले. घरी सोडताना कागदावर औषधांच्या खाली दोन शब्द लिहून दिले होते, 'पूर्ण विश्रांती'. किती दिवस, ते लिहिले नव्हते. खालाने विश्रांती घेतली ती घेतलीच. सहा महिन्यांनी त्यांना डोक्यावरून कुर्ता काढायलाही सुनेची मदत लागत होती, कारण खांदा आखडून गेला होता. ऑपरेशन उत्तम झाले होते. खांदा हलवायचा असतो आणि तो कसा हलवायचा, हे सांगायला मात्र कुणाला फुरसत झाली नाही. नंतर एका फिजिओथेरपिस्टने भिंतीवर बोटे चढवत नेण्याचा साधा व्यायाम दिला आणि दोन-अडीच महिन्यांत हात पुन्हा वर जाऊ लागला.

आता २०२५ सालच्या त्या अभ्यासाकडे वळू. वर्तमानपत्रांत त्याची बातमी आली होती, पण दोन-चार ओळींत उरकलेली. व्यायामाने बरे वाटते, थकवा जातो, मन उभारी धरते, इथपर्यंत बहुतेक डॉक्टर आधीच मान्य करत होते. खरा प्रश्न होता की व्यायामाने माणूस जास्त जगतो का? कॅन्सर परत येण्याचे टळते का? चालणाऱ्या रुग्णांची प्रकृती चांगली राहते असे पूर्वीही दिसले होते. पण ज्याची तबियत मुळात बरी तोच चालू शकतो, असा आक्षेप त्यावर घेता येत होता आणि तो रास्त होता.

म्हणून कॅनडातील संशोधकांनी २००९ मध्ये एक चाचणी सुरू केली. नाव 'चॅलेंज'. मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेले, ऑपरेशन आणि त्यानंतरची केमो पूर्ण केलेले ८८९ रुग्ण त्यात घेतले. केंद्रे ५५ होती, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली. कोण कुठल्या गटात जाईल ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले, म्हणजे धडधाकट एकीकडे आणि अशक्त एकीकडे असे होऊ नये. एका गटाला आहार-व्यायामाची माहितीपुस्तिका दिली. दुसऱ्या गटाला तीच माहिती दिली आणि शिवाय तीन वर्षांसाठी व्यायामाचा मार्गदर्शक दिला. रुग्णांची सरासरी आठ वर्षांच्या आसपास पाहणी झाली आणि १ जून २०२५ रोजी अमेरिकेत शिकागोच्या परिषदेत निकाल जाहीर झाला.

पाच वर्षांनंतर कॅन्सर परत न येता किंवा नवा न होता जिवंत असलेले लोक व्यायामाच्या गटात १०० पैकी ८० होते, पुस्तिकेच्या गटात ७४. आठ वर्षांनंतर हयात असलेले लोक पहिल्या गटात १०० पैकी ९० आणि दुसऱ्यात ८३. म्हणजे शंभर घरांमागे सात घरांत माणूस राहिला. सात हा आकडा लहान वाटेल, पण केमोच्या काही महागड्या औषधांना मान्यता मिळते तीही याच मापाच्या फायद्यावर. इथे 'औषध' म्हणजे बहुतेकांसाठी भरभर चालणे होते. पूर्वी जेवढी हालचाल होती त्यात आठवड्याला तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालण्याइतकी भर घालायची, एवढीच अपेक्षा. कुणी सायकल चालवली, कुणी पोहले. जिम सक्तीची नव्हती. तोटा अजिबात नव्हता असेही नाही. सांधे आणि स्नायू दुखण्याच्या तक्रारी व्यायामाच्या गटात जास्त होत्या, १८.५ टक्के, दुसऱ्या गटात ११.५.

शिक्षिका म्हणून या चाचणीतली एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही. पुस्तक दोन्ही तुकड्यांना मिळाले होते. शिक्षक मात्र एकाच तुकडीला मिळाला. पहिले सहा महिने दर पंधरा दिवसांनी प्रत्यक्ष भेट, शेवटची दोन वर्षे महिन्यातून एकदा. किती चाललात, का नाही चाललात, पाऊस होता तर जिन्यावर चढउतार करता आली असती का, अशी बोलणी. 'व्यायाम करा' असे नुसते सांगून तो होत नाही, हे आपल्याला शुगरच्या आणि बीपीच्या आजाऱ्यांवरून माहीत आहेच. सात घरांतला फरक चालण्याने पडला, आणि चालणे घडले ते विचारणारे कुणी होते म्हणून.

इथे एक इशारा देते. ही चाचणी आतड्याच्या कॅन्सरची होती, सगळ्या कॅन्सरची नाही. आणि त्या लोकांनी ऑपरेशन आणि केमो पूर्ण करून मग चालायला सुरुवात केली होती. मोबाईलवर 'केमो सोडा, रोज चाला' असला मजकूर कुणी पाठवला तर तो घरातल्या आजाऱ्यापर्यंत पोहोचू देऊ नका. इलाज सोडून चालणाऱ्याला या अभ्यासातून काहीही मिळत नाही.

निरनिराळ्या देशांनी हे आपापल्या रीतीने बसवले आहे. ऑस्ट्रेलियातील कॅन्सर तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ सालीच जाहीर केले की व्यायाम हा प्रत्येक कॅन्सर रुग्णाच्या नेहमीच्या इलाजाचा भाग असावा आणि रुग्णाला तशा जाणकाराकडे पाठवावे. जर्मनीत डॉक्टर चिठ्ठीवर व्यायामाचा गट लिहून देतात आणि खर्च आरोग्य विमा उचलतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला २०१९ पासून ऑपरेशनच्या आधीच रुग्णाची ताकद वाढवण्याचा उपक्रम चालतो, परीक्षेच्या आधी उजळणी घ्यावी तसा. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या सरकारी दवाखान्यात तर केमो चालू असतानाच रुग्णांना सहा आठवडे व्यायाम दिला. २६९ रुग्णांच्या त्या अभ्यासात थकवा कमी झाला आणि ताकद वाढली. त्याच देशात प्रोस्टेटच्या कॅन्सरचे पुरुष फुटबॉल खेळतात. त्यांना दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या इंजेक्शनांनी स्नायू झडतात आणि हाडे ठिसूळ होतात. चाळिशीपासून सत्तरीपर्यंतच्या ५७ जणांवर बारा आठवडे हा प्रयोग झाला आणि खेळणाऱ्यांचे स्नायू भरले. व्यायामाच्या वर्गाला जायला लाजणारे पुरुष फुटबॉलला मात्र धावत येतात. हा स्वभाव बहुधा सगळ्या मुलखांत सारखाच असावा.

आपल्याकडे काय? मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर योगासनांचा मोठा अभ्यास झाला आहे. मोठ्या दवाखान्यांत फिजिओथेरपीचा विभाग असतो. पण तालुक्याच्या गावातून रात्रीच्या गाडीने केमोला येणारा आणि त्याच रात्री परतणारा माणूस त्या विभागापर्यंत पोहोचत नाही. त्याच्या फाईलमध्ये चालण्याविषयी एक ओळही नसते. आपल्याकडचा तो मार्गदर्शक घरातल्याच कुणाला तरी व्हावे लागेल.

तोंडाच्या कॅन्सरविषयी वेगळे सांगायला हवे, कारण तंबाखू-गुटख्यामुळे आपल्या देशात पुरुषांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये तो फार वर आहे. त्याच्या ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठी काढतात. खांद्याला उचलणारी नस तिथूनच जाते आणि तिला धक्का लागला की खांदा पडतो, हात वर जात नाही, सतत दुखतो. रिक्षा चालवणाऱ्याचा किंवा हमाली करणाऱ्याचा खांदा गेला म्हणजे रोजी गेली. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात ५२ रुग्णांना बारा आठवडे हळूहळू वाढत्या वजनाचा व्यायाम दिला तेव्हा हे दुखणे आणि अडचण बरीच कमी झाली. रेडिएशननंतर जबडाही आखडतो, तोंड उघडत नाही. त्यासाठी तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करावे लागतात आणि ते लवकर सुरू करावे लागतात. हे व्यायाम दवाखान्यात मागून घ्या. मागितल्याशिवाय ते मिळतीलच असे नाही.

आता घरात काय करायचे? पहिले काम डॉक्टरांना विचारण्याचे. ओपीडीत दोन मिनिटे मिळतात, म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या. यांनी किती चालावे? हाडांत आजार पसरला आहे का? रक्तातल्या प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन किती आहे? कुठला हात किंवा पोटाचा कुठला भाग जपायचा? हाडांत कॅन्सर असेल तर चुकीच्या वजनाने हाड मोडू शकते, तिथे जाणकाराशिवाय वजन नको. प्लेटलेट फार कमी असतील तर पडण्या-आपटण्याची भीती. केमोने पायाचे तळवे बधिर झाले असतील तर अंधाऱ्या गल्लीत नको, घरातच भिंतीच्या आधाराने. आणि केमोच्या दिवसांत ताप आला तर चालणेही नाही आणि क्रोसिन देऊन वाट पाहणेही नाही, सरळ दवाखाना गाठायचा. चालताना छातीत दुखले किंवा चक्कर आली तर थांबायचे आणि डॉक्टरांना कळवायचे.

अमेरिकेतील क्रीडावैद्यक संघटनेने २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांचे मत एकत्र करून जे माप सांगितले ते असे: आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालणे, आणि दोनदा स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. हे पोहोचायचे ठिकाण आहे, पहिल्या दिवसाचे काम नव्हे. ज्या अम्मी तीन महिने पलंगावर आहेत त्यांनी पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच मिनिटे, दिवसातून तीनदा चालले तरी पुष्कळ. ताकदीसाठी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचे आणि बसायचे, पाच वेळा, मग आठ वेळा. वजन म्हणून पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली चालते.

"बाहेर चालायला गेले तर लोक काय म्हणतील" ही अडचण आपल्या बायकांच्या बाबतीत खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. केमोने केस गेलेले, चेहरा उतरलेला, त्यात शेजाऱ्यांच्या नजरा. गच्ची असेल तर गच्ची आहे. पहाटे फजरनंतर रस्ते रिकामे असतात, सोबत मुलगी किंवा भावजय असली की बुरख्यात अर्धा तास सहज चालता येते. "पाच वक्ताच्या नमाजमध्ये व्यायाम होतोच ना?" असे एका वाचक भगिनीने विचारले होते. नमाज ही इबादत आहे, तिच्यावर दम आणि घाम मोजण्याचे ओझे कशाला टाकायचे? चालणे वेगळे करावे. एवढे मात्र खरे की गुडघ्यात आणि मांडीत ताकद आली की खुर्चीवर नमाज पढणाऱ्या काहींना पुन्हा जमिनीवर सजदा करता येतो, आणि त्याची खुशी त्यांनाच विचारावी.

आणखी एक भीती बऱ्याच घरांत कुजबुजत बोलली जाते. चालल्याने रक्त जोरात फिरेल आणि कॅन्सर अंगभर पसरेल. वर सांगितलेल्या ८८९ लोकांच्या चाचणीत तीन वर्षे व्यायाम करणाऱ्यांमध्ये आजार परत येण्याचे प्रमाण कमी निघाले, जास्त नाही. ही भीती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनातून काढायची असेल तर वाद घालू नका, पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा.

घरात शाळेत जाणारे मूल असेल तर एक वही त्याच्या ताब्यात द्या. रोज तारीख, दादी किती मिनिटे चालल्या आणि चालल्यानंतर कसे वाटले, एवढेच त्याने लिहायचे. पुढच्या ओपीडीला ती वही फाईलमध्ये ठेवून डॉक्टरांसमोर उघडा.